सैनिकाच्या मागें राहिलेलें घर

सैनिकाच्या शौर्याविषयीं आपल्या देशांत पुष्कळ बोललें व लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु सैनिक हा एकटा मनुष्य नसतो. त्याच्या मागें एक घर असतें. त्या घरांत वृद्ध मातापिता, तरुण पत्नी व लहान लेकरें असतात. आणि तो सीमेवर गेला म्हणजे त्या घराचा मुख्य खांब काढून नेल्यासारखें होतें. घर पडत नाहीं हें खरें. पण तें कोणत्या टेकूंवर उभें राहतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. प्रस्तुत लेखांत तो विचार करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सैनिकाच्या कुटुंबास सत्कारापेक्षां सोबतीची गरज अधिक असते. आणि ही सोबत देण्यास सर्वांत योग्य माणसें म्हणजे आयुष्याची नोकरी संपवून घरीं बसलेलीं वडीलधारीं पतिपत्नी होत.

भुसावळच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटूं नये. मुंबईहून येणारा लोहमार्ग आपल्या येथें दोन वाटांनीं फुटतो. एक वाट इटारसीकडून उत्तरेस जाते व दुसरी नागपूरकडून पूर्वेस. काश्मीराकडे निघालेला जवान असो कीं आसामाकडे निघालेला असो, त्याची काळी लोखंडी पेटी आपल्या फलाटावर नित्य दृष्टीस पडते. गांवास लागूनच आयुधनिर्माणी आहे. ती १९४९ सालीं निघाली, आणि वरणगांवची १९६४ सालीं. तेव्हां सैन्याचें नांव काढल्यावर ज्याच्या नात्यांत, आळींत अगर मंडळींत कोणीच आठवत नाहीं, असा मनुष्य आपल्या गांवीं विरळाच.

खानदेशाचा शिपाईगिरीशीं संबंधही आजचा नव्हे. इ. स. १८२५ मध्यें जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानें येथील भिल्लांची एक पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांवास होतें. ती पलटण मुख्यतः खानदेशांतच काम करण्याकरितां होती, त्यामुळें शिपाई व त्याचें घर यांमध्यें फार मोठें अंतर पडत नसे. आजची स्थिति अगदीं निराळी आहे. आजचा खानदेशी जवान लडाखांत अगर अरुणाचलांत असतो. त्यास वर्षाकाठीं साठ दिवसांची वार्षिक रजा व तीस दिवसांची किरकोळ रजा मिळते. म्हणजे सर्व रजा पदरांत पडली तरी बारा महिन्यांपैकीं नऊ महिने तो घराबाहेरच. शांततेच्या ठाण्यावर बदली झाली व सरकारी निवास मिळाला, तर पत्नीमुलांस बरोबर नेतां येतें. पण सीमेवरील क्षेत्रांत नेमणूक झाली म्हणजे त्यांस मागेंच ठेवावें लागतें. मग पत्रावर गांवाचें नांवही नसतें. ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ अथवा ‘द्वारा ९९ ए.पी.ओ.’ एवढाच काय तो पत्ता. आपला धनी नेमका कोठें आहे हें पत्नीस पुष्कळदां ठाऊक नसतें, आणि ठाऊक असलें तरी तिनें तें बोलावयाचें नसतें.

इ. स. २०२५ च्या मे महिन्यांत सीमेवर युद्धाचा प्रसंग उद्भवला, तेव्हां रजेवर आलेल्या जवानांस तातडीनें परत बोलावण्यांत आलें. आपल्याच जिल्ह्यांतील पाचोरा तालुक्यांतला एक जवान लग्नास तीन दिवस झाले असतां निघाला. हळदीचें अंग वाळलें नाहीं तोंच नववधू त्यास निरोप देण्यास स्टेशनावर आली. हा प्रसंग वर्तमानपत्रांनीं छापला, व देशभर लोकांनीं तिच्या धैर्याची वाखाणणी केली. ती वाखाणणी यथार्थ होती. त्या घरीं पुढें काय झालें याविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु अशा घरीं सामान्यतः काय होतें, हें सैनिकांच्या मुलांस शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या नजरेस नेहमीं पडतें. गाडी सुटेपर्यंत सारें गांव जवळ असतें. पहिल्या आठवड्यांत शेजारीपाजारी येऊन जातात. पुढें नव्याचे नऊ दिवस संपतात, जो तो आपल्या कामास लागतो, आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. पंधराव्या दिवशीं सासऱ्याचा रक्तदाब वाढतो, विसाव्या दिवशीं विहिरीवरील पंप बिघडतो, महिन्यानें मुलाच्या शाळेंतून बोलावणें येतें, आणि या सर्व दिवसांत दूरध्वनि वाजला तरी छाती धडधडते व न वाजला तरी धडधडते.

बातमीचा घाव केवढा खोल असतो, याचें एक उदाहरण आपल्या शेजारच्या धुळें जिल्ह्यांतलेंच आहे. सन २०१६ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस बोरविहीर या गांवचा एक तरुण जवान नजरचुकीनें नियंत्रणरेषा ओलांडून गेला व पाकिस्तानी सैन्याच्या हातीं सांपडला. आईबाप निवर्तल्यामुळें आजी-आजोबांनीं त्यास वाढविलें होतें. ही वार्ता ऐकून आजीस धक्का बसला व त्यांतच तिचा अंत झाला. ता. २१ जानेवारी २०१७ रोजीं, म्हणजे सुमारें चार महिन्यांनीं, नातू सुटून स्वदेशीं आला. पण जिनें त्यास लहानाचा मोठा केला ती माउली त्यास पहावयास उरली नव्हती. लढाईंत न जातांही मनुष्य लढाईनें मरतो, तो असा. जवळ कोणी असतें तर ती वृद्धा वांचली असती, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. तें ईश्वरासच ठाऊक. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अशी वार्ता येते त्या घटकेस ज्याचा हात धरावा असा मनुष्य उंबरठ्याच्या आंत असावा. आणि तो मनुष्य त्या दिवशीं प्रथमच आलेला परका नसावा.

महाराष्ट्रास ही वाट पाहण्याची तपश्चर्या पूर्वींपासून ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धांत पुण्याचें नांव धारण करणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियांत गेली. तीत मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी होत्या. कूत-अल-अमारा या गांवीं ता. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनीं या सैन्यास वेढा दिला, आणि ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीमुळें सुमारें तेरा हजार माणसांस शरण जावें लागलें. पुढें कैदेंत त्यांपैकीं पुष्कळांचा अंत झाला. साताऱ्याच्या डोंगराळ खेड्यांत व कोंकणांतल्या वाड्यावस्त्यांत त्यांच्या आया व बायका त्या काळांत काय करीत असतील? तेव्हां त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. पत्र आलें तरी तें वाचून दाखविण्यास दुसऱ्याचें तोंड पहावें लागे. त्या बायकांचा इतिहास कोणीं लिहिला नाहीं. पलटणींच्या शौर्याचे स्तंभ उभे राहिले; दारांत बसून वाट पाहणाऱ्यांचा स्तंभ कोठेंही नाहीं.

त्याच महायुद्धांत एक उपयुक्त गोष्ट घडली, ती आज मुद्दाम आठवावीशी वाटते. वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे सेवक हिंदी सैन्याबरोबर फ्रान्सांत व मेसोपोटेमियांत गेले. त्यांनीं तंबू व झोंपड्या उभारून तेथें शिपायांकरितां चहा, खेळ, वाचन यांची सोय केली. कागद व पाकिटें पुरविलीं. आणि ज्यांस लिहितां येत नव्हतें त्यांचीं पत्रें त्यांच्या जवळ बसून लिहून दिलीं. १९१६ पासून या संस्थेचे हिंदुस्थानांतील मुख्य चिटणीस के. टी. पॉल हे आपले देशबांधवच होते. हिंदी शिपायांमध्यें धर्मप्रचार करावयाचा नाहीं, अशी अट सरकारनें घातली होती व ती या सेवकांनीं मान्य केली होती. आम्हांस या अटीचें मोल फार वाटतें. ज्याचें मन घराकडे लागून व्याकुळ झालें आहे, त्याच्या व्याकुळतेचा फायदा न घेतां केवळ त्याची लेखणी होणें, ही सेवा ख्रिस्ताच्या नांवास शोभणारी आहे. आणि ती करण्यास त्या नांवाचा उच्चारही करावा लागत नाहीं.

परंतु हें झालें रणांगणावरील शिपायाचें. मागें राहिलेल्या घराची काळजी वाहण्याची कल्पना संघटित रीतीनें पुढें आली ती इंग्लंडांत. १८८५ सालीं सैन्य इजिप्तकडे रवाना झालें, तेव्हां जेम्स गिल्डी नांवाच्या एका मेजरनें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत पत्र लिहून, शिपायांच्या निराधार बायकामुलांकरितां पैसा व स्वयंसेवक या दोहोंची मागणी केली. त्यांतून जी संस्था जन्मास आली ती आजही चालू आहे. त्या मेजरनें नुसता पैसा मागितला नाहीं, माणसेंही मागितलीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तत्पूर्वीं १८६३ मध्यें लुइझा डॅनियल या बाईनें ऑल्डरशॉट येथील छावणींत शिपायांसाठीं विश्रामगृह काढलें होतें. आणि १८६९ मध्यें आयर्लंडांतील ट्रॅली गांवीं एलिझ सँडिस या तरुणीनें आपल्या घरींच शिपायांस बोलावून वाचन व उपासना सुरू केली. तिच्या या लहानशा उपक्रमाचीं ‘सैनिकगृहें’ पुढें हिंदुस्थानांतही निघालीं. आरंभ कोणत्याही मंडळाच्या ठरावानें झाला नाहीं. एका बाईनें आपल्या घराचें दार उघडलें, एवढेंच.

सांप्रत अमेरिकेंत लॅटर-डे सेंट्स नांवाच्या मंडळीनें याच कामाची एक निराळी रीत पाडिली आहे. सेवानिवृत्त झालेलीं, मुलेंबाळें मार्गास लागलेलीं पतिपत्नी कांहीं महिने किंवा दीड-दोन वर्षें स्वखर्चानें मिशनरी म्हणून जातात. आणि अशा कांहीं दांपत्यांस लष्करी ठाण्यांच्या शेजारीं राहून शिपायांची व त्यांच्या कुटुंबांची विचारपूस करण्याचें काम दिलें जातें. शिपाई दूर देशीं गेला असतां त्याच्या घरीं जाणें, एकट्या पडलेल्या आईस धीर देणें, सणावारीं आपल्या पंक्तीस बोलावणें, अशीं हीं साधींच कामें. त्या मंडळीचीं कित्येक मतें आमच्या मंडळ्यांस मान्य नाहींत, व त्यांची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. चांगली रीत ज्याच्याजवळ असेल त्याच्यापासून ती घ्यावी, असें आम्हांस वाटतें. आणि या रीतींत आम्हांस जें विशेष दिसतें तें हें कीं, काम एकट्या मनुष्यास न देतां दांपत्यास दिलें आहे, व तरुणांस न देतां वृद्धांस दिलें आहे.

आपल्या समाजांत तर ही निवड दुपटीनें योग्य ठरेल. कारण उघड आहे. ज्या घरांतला कर्ता पुरुष दूर आहे व तरुण सून एकटी आहे, त्या घरीं परपुरुषानें वारंवार जाणें कितीही शुद्ध हेतूचें असलें तरी गांवाच्या जिभेस तें पुरेसें होतें. आणि त्या बोलण्याचा डाग मदत करणाऱ्यास लागत नाहीं, त्या बिचारीस लागतो. उलट एखादी आजीबाई एकटीच गेली, तर तिचा जीव कितीही कळवळला तरी कचेऱ्यांचे जिने चढणें तिच्यानें होत नाहीं. परंतु दोघें मिळून गेलीं म्हणजे ही अडचण उरत नाहीं. आजी सरळ स्वयंपाकघरांत जाऊन पाटावर बसतात. सासूसमोर जें बोलतां येत नाहीं तें भाकरी थापतां थापतां सुनेच्या तोंडून आपोआप निघतें. आजोबा बाहेर ओट्यावर म्हाताऱ्या बापाजवळ बसतात. आणि मुलाच्या काळजीनें ज्याची झोंप उडाली आहे पण जो आपल्या बायकोपुढेंही तें कबूल करीत नाहीं, असा तो बाप कापसाच्या भावावरून बोलतां बोलतां हळूच मुलाच्या नांवावर येतो. एकाच घरांत दोन दारें असतात. दांपत्य गेलें तरच दोन्ही उघडतात.

वृद्ध कां, याचेंही उत्तर सोपें आहे. त्यांच्यापाशीं वेळ असतो. आणि या कामास लागणारी मुख्य सामग्री वेळ हीच आहे. त्यांनीं स्वतः वियोग, आजारपण व मरण हीं पाहिलेलीं असतात, त्यामुळें दुसऱ्याचें दुःख ऐकून तीं घाबरत नाहींत व उपदेशही फार करीत नाहींत. आपल्या भुसावळांत रेल्वेंतून, आयुधनिर्माणींतून व शाळांतून निवृत्त झालेलीं अशीं किती दांपत्यें आहेत! सकाळीं देवळांत अगर प्रार्थनामंदिरांत जाऊन आलीं, वर्तमानपत्र वाचून झालें, कीं पुढला दिवस त्यांस खावयास उठतो. एकीकडे रिकामे दिवस आहेत, दुसरीकडे एकटीं घरें आहेत, आणि मध्यें दोन गल्ल्यांचें अंतर आहे. तें अंतर चालून जाण्यास कोणतें अनुदान पाहिजे?

आतां हीं दांपत्यें करतील तरी काय, असें कोणी विचारील. पहिलें काम, नेमानें जाणें. आठवड्यांतून एक वार व एक वेळ ठरवावी व ती मोडूं नये. ‘कांहीं लागलें तर सांगा हो’ असें म्हणून निघून जाणें सोपें आहे. पण मानी मनुष्य कधींच सांगत नाहीं, आणि सैनिकाचें घर बहुधा मानी असतें. न सांगतां येणाऱ्याच्या कानीं पडेल इतक्या जवळ जाऊन बसणें, हीच खरी विचारपूस.

दुसरें काम कागदपत्रांचें. हें ऐकण्यास रुक्ष आहे, पण याच्याइतकें उपयोगी दुसरें नाहीं. सैन्यांत जवानाचें लग्न व अपत्यजन्म यांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ या दप्तरांत व्हावी लागते. ती झाली नाहीं तर पत्नीमुलांचे हक्क ऐन वेळीं अडतात. पत्नीचें नांव सैन्याच्या दप्तरांत एक, आधार कार्डावर दुसरें व बँकेच्या पुस्तकांत माहेरचें तिसरें, असा प्रकार खेडोपाडीं सर्रास आढळतो. जन्मतारखेंत एका दिवसाचा फरक असला तरी पुढें कुटुंबनिवृत्तिवेतन खोळंबतें. हे कागद नवरा सीमेवर सुखरूप असतांनाच नीट करून घ्यावयाचे असतात; संकट आल्यावर रडत्या डोळ्यांनीं अर्ज लिहितां येत नाहींत. ज्या गृहस्थानें तीस वर्षें कचेरींत कारकुनी केली, त्याच्या अनुभवाचें याहून चांगलें चीज कोठें होणार? जळगांवीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथें सुनेबरोबर सासऱ्यास घेऊन एकदां जाऊन यावें, म्हणजे दुसऱ्या वेळीं तीं स्वतः जाऊं शकतात. मदतीनें माणूस पांगळा न होतां चालता झाला पाहिजे.

तिसरें काम बातम्यांच्या दिवसांत. २०२५ च्या मे महिन्यांत चित्रवाणीवर व मोबाईलांवर खोट्या बातम्यांचा केवढा सुळसुळाट झाला, हें सर्वांनीं पाहिलें. ज्यांचें कोणी सीमेवर नव्हतें त्यांची ती करमणूक झाली; ज्यांचें होतें त्यांस प्रत्येक ओळ काळजांत घुसली. अशा दिवशीं त्या घरीं जाऊन चित्रवाणी बंद करावी, मुलांस गोष्ट सांगावी, चूल पेटवावी व चार घांस खावयास लावावें. आणि कोणी अनोळखी मनुष्य दूरध्वनीवरून पलटण कोठें आहे, कधीं निघाली, हें विचारूं लागला तर उत्तर न देण्याची सूचना घरांतल्या सर्वांस आधींच देऊन ठेवावी. स्वतः भेटीस जाणाऱ्यानेंही तो प्रश्न कधीं विचारूं नये.

या सेवेस तीन पथ्यें सांभाळावीं लागतील. पहिलें पथ्य पैशाचें. जवानाचा पगार पत्नीच्या खात्यांत यावा कीं बापाच्या, यावरून किती घरांत धुसफूस चालते हें जाणत्यांस सांगावयास नको. पाहुण्यानें या वादांत न्यायाधीश होऊं नये. दोघांचें ऐकावें व दोघांसही त्या दूर असलेल्या मुलाची आठवण द्यावी. दुसरें पथ्य जिभेचें. एका घरीं ऐकलेलें दुसऱ्या घरीं गेलें, कीं तें दार कायमचें बंद झालें. तिसरें पथ्य आम्हां ख्रिस्ती लोकांस विशेषेंकरून लागू आहे. संकटांतल्या घरीं आपण धर्म वाढविण्याकरितां आलों आहों, असा संशयही येऊं देतां कामा नये. त्या घरच्या देव्हाऱ्यांत दिवा लावण्याची वेळ झाली तर आपण आदरानें उठून बाजूस बसावें. प्रार्थना करावयाची ती आपल्या घरीं येऊन, दार लावून, त्या मुलाचें नांव घेऊन करावी. आमचा विश्वास असा आहे कीं ती ऐकली जाते. आणि ज्याच्याकडून तिचें श्रेय घ्यावयाचें नाहीं, त्याच्याकरितां केलेली प्रार्थना अधिक निर्मळ असते.

या आमच्या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा कीं, हें सर्व पाहण्यास सरकार व सैन्य समर्थ आहेत. समर्थ आहेत हें खरें, आणि तीं पुष्कळ करतातही. १९४९ पासून दर वर्षीं ७ डिसेंबरास ध्वजदिन पाळून निधि गोळा केला जातो. सैनिकपत्नींच्या कल्याणाकरितां ‘आवा’ ही संस्था १९६६ पासून काम करीत आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कार्यालयें आहेत. परंतु छावणींत राहणाऱ्या कुटुंबास संस्थेचा हात जितका सहज पोंचतो, तितका यावल-रावेरच्या खेड्यांतल्या घरास पोंचत नाहीं. कार्यालयास दार असतें, पाय नसतात. तेथवर चालून जाण्याचें बळ ज्यास आहे त्यासच त्याचा लाभ. तें बळ देणारा मनुष्य शेजारींच निघाला पाहिजे. निवृत्तिवेतन सरकार देईल. पण रात्रीं दोन वाजतां मुलाच्या अंगांत ताप भरला असतां रिक्षा बोलावणारा हात सरकारचा नसतो, शेजाऱ्याचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. कित्येक म्हणतात, सैनिक पगार घेतो, स्वखुशीनें गेला आहे, मग त्याच्या घरचें विशेष कौतुक कां? शेतमजुराची बायको काय सुखांत आहे? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. उसतोडीस गेलेल्या मजुराचें घर, परदेशीं गेलेल्या कामगाराचें घर, हींही वाट पाहणारींच घरें आहेत. ज्यास शक्य असेल त्यानें त्यांच्याही दारीं जावें. परंतु एक भेद आहे तो नाकारतां येत नाहीं. सैनिकास ‘मला आतां घरीं जाणें आवश्यक आहे’ असें म्हणून निघून येतां येत नाहीं. बापाच्या अंत्यविधीस पोंचणें अगर मुलाचें तोंड पाहणें हें त्याच्या हातीं नसतें. आपल्या सर्वांच्या वतीनें त्यानें ही मोकळीक सोडली आहे. पगार हा त्याच्या श्रमांचा असतो, या मोकळिकीचा मोबदला पगारानें फिटत नाहीं. तो ज्या घरीं वेळेवर पोंचूं शकत नाहीं, तेथें त्याच्या वतीनें आपण पोंचणें, हा उपकार नसून परतफेड आहे.

आतां दोन शब्द आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांसाठीं. तुमच्या बाकावर शेजारीं बसणाऱ्या एखाद्याचे वडील सैन्यांत असतील. प्रगतिपुस्तकावर त्याच्या आईची सही असते, स्नेहसंमेलनास त्याची आईच एकटी येते, आणि वडील रजेवर आले त्या दिवशीं तो शाळेस येत नाहीं. त्या दिवशीं त्यास नांवें ठेवूं नका; त्याचा अभ्यास उतरून ठेवा. लढाईच्या दिवसांत त्याच्यासमोर लढाईचा खेळ मांडूं नका, व ‘तुझे बाबा कोठें आहेत’ असें चारचौघांत विचारूं नका. त्यास पतंग उडविण्यास बोलवा, डब्यांतला घास द्या, सायंकाळीं त्याच्या घरीं अभ्यासास जा. आणि तुमच्या घरीं निवृत्त आजी-आजोबा असतील, तर हा लेख त्यांस वाचून दाखवा. त्यांस असें काम मिळालें तर तींही आनंदित होतील, हें तुमच्या लक्षांत येईल.

पवित्र शास्त्रांत रफीदीम येथील लढाईचा वृत्तांत आहे, तो आपणांस ठाऊक आहे. यहोशवा खालीं मैदानांत अमालेकांशीं लढत होता आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा होता. हात वर असले म्हणजे इस्राएलाची सरशी होई. थकून खालीं आले म्हणजे शत्रूची. तेव्हां अहरोन व हूर या दोघांनीं काय केलें? त्यांनीं तलवार घेतली नाहीं, भाषण केलें नाहीं. एक दगड आणून मोशेस त्यावर बसविलें, आणि एकानें एका बाजूनें व दुसऱ्यानें दुसऱ्या बाजूनें त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत सांवरून धरले. नव्या करारांतील अक्विल्ला व प्रिस्किल्ला या पतिपत्नींचें नांवही आपण जोडीनेंच घेतों, कारण त्यांनीं आपलें घर जोडीनेंच दुसऱ्यांकरितां उघडलें होतें. आमच्या गांवच्या वडीलधाऱ्या दांपत्यांस आमची विनंति एवढीच कीं, येत्या आठवड्यांत आपल्या आळींतील एखाद्या सैनिकाच्या घरीं दोघांनीं मिळून जावें, घोटभर चहा घ्यावा, आणि उठतांना पुढल्या आठवड्याचा वार सांगून यावें. मग त्या वारीं पाऊस असो, ऊन असो, खानदेशचा वैशाखवणवा असो, जावें मात्र नेमानें. सीमेवरच्या मुलास दूरध्वनीवर आई जेव्हां सांगेल कीं, ‘आमची काळजी करूं नको, मास्तर आणि बाई येतात दर गुरुवारीं,’ तेव्हां त्याच्या मनावरील ओझें जेवढें हलकें होईल, तेवढें हलकें करण्याचें सामर्थ्य कोणत्याही पदकांत नाहीं.